स्वतःच्या नावाचे मत : लीग ऑफ विमेन व्होटर्सची वाटचाल

आपल्या मराठी मंडळाच्या स्मरणिकेत दर खेपेस आपल्याच संस्थांचे इतिहास येतात : मराठी शाळा, नाट्यविभाग, ढोलताशा पथक, गणेशोत्सव. या वेळी संपादकांनी एका अमेरिकन संस्थेसाठी पाने राखली, त्याचे कारण साधे आहे. मंडळातल्या बऱ्याच जणी (आणि आता काही पुरुषही) तिथे वर्षानुवर्षे काम करतात, निवडणुकीच्या मोसमात वाचनालयाबाहेर टेबल मांडून बसतात, आणि "तुम्ही नक्की कोणत्या पार्टीच्या?" हा प्रश्न त्यांना सगळ्यांत जास्त आपलेच लोक विचारतात. कोणत्याच नाही, हे त्याचे उत्तर आहे. ते पटत नाही म्हणून हा इतिहास.

लीग ऑफ विमेन व्होटर्सची स्थापना १४ फेब्रुवारी १९२० रोजी शिकागोत झाली. गंमत अशी की त्या दिवशी अमेरिकेतल्या सगळ्या स्त्रियांना मताचा हक्क मिळालेलाच नव्हता. बारशाआधी मुंज उरकावी तसा प्रकार. एकोणिसाव्या घटनादुरुस्तीला ३६ राज्यांची मान्यता हवी होती, आणि छत्तिसावे राज्य टेनेसी १८ ऑगस्ट १९२० रोजी पदरात पडले. तेही एका मताने. विधानसभेतला हॅरी बर्न हा २४ वर्षांचा सभासद विरोधकांचे लाल गुलाब कोटाला लावून आला होता. खिशात आईचे पत्र होते, दुरुस्तीच्या बाजूने मत दे असे सांगणारे. त्याने आईचे ऐकले.

हक्क मिळाल्यावर पुढे काय, हे कॅरी चॅपमन कॅट या बाईंनी आधीच हेरले होते. मताधिकारासाठी झगडणारी जी मोठी राष्ट्रीय संघटना होती, तिच्या त्या अध्यक्ष. मार्च १९१९ मध्ये सेंट लुईसच्या अधिवेशनात त्यांनी मांडले की हक्क मिळाला म्हणून तंबू गुंडाळायचा नाही. सुमारे दोन कोटी बाया पहिल्यांदा मतदान करणार. त्यांना मतपत्रिका कशी असते, प्राथमिक निवडणूक म्हणजे काय, नगरपालिकेचा पैसा कुठून येतो, हे कोण सांगणार? पक्ष सांगतील ते आपापल्या सोयीचे. म्हणून संस्था पक्षांबाहेर हवी. सभासदाने वैयक्तिकरीत्या कोणत्याही पक्षात जावे, उभेही राहावे. संस्थेने मात्र कोणत्याही उमेदवाराला वा पक्षाला पाठिंबा द्यायचा नाही. हा नियम शंभर वर्षांहून अधिक काळ टिकला आहे. प्रश्नांवर मात्र लीग भूमिका घेते आणि त्यासाठी भांडतेही. "उमेदवारावर गप्प, मुद्द्यावर बोलकी" हे गणित आपल्या लोकांना चमत्कारिक वाटते, कारण आपल्याकडे मुद्द्याला नेहमी कोणाचा तरी चेहरा चिकटलेला असतो.

पहिल्या अध्यक्ष मॉड वूड पार्क. वॉशिंग्टनमध्ये खासदारांकडे मागच्या दाराने, मेजवान्यांतून, लागेबांध्यांतून काम काढण्याची रीत होती. या बाई पुढच्या दाराने जात, आकडेवारीचा कागद ठेवत, उत्तर लिहून घेत. त्यांच्या गटाला पत्रकारांच्या गोटातून 'फ्रंट डोअर लॉबी' असे नाव पडले ते यामुळेच. त्यांनी आणखी एक केले : निरनिराळ्या स्त्री संघटनांची एक संयुक्त समिती बांधली. १९२१ चा शेपर्ड-टाउनर कायदा हे या समितीचे पहिले मोठे यश. बाळंतिणी आणि तान्ह्या मुलांच्या आरोग्यासाठी केंद्राने राज्यांना पैसा द्यायचा, अशी तरतूद अमेरिकेत त्यापूर्वी नव्हती. डॉक्टरांच्या संघटनेने विरोध केला आणि १९२९ मध्ये तो कायदा विझला. दरम्यान युद्धखात्याच्या एका कचेरीतून एक कोळ्याच्या जाळ्यासारखा तक्ता फिरू लागला होता. त्यात देशातल्या स्त्री संघटना कशा एकमेकींत गुंतून समाजवादाकडे चालल्या आहेत, ते रेघा ओढून दाखवले होते. लीगही त्यात होती. तान्ह्या बाळाचे वजन करणाऱ्या नर्सच्या पगारातही कोणाला क्रांती दिसत होती तर!

आता ज्या भागासाठी मी हा लेख लिहायला घेतला, तिकडे वळते. मतदान, स्थलांतर आणि स्त्रीचा दर्जा हे तीन वेगळे विषय आहेत असे आपण समजतो. लीगच्या जन्माआधी काही वर्षे ते एकाच बाईच्या एकाच अर्जावर येऊन उभे राहिले होते.

त्या बाईचे नाव एथेल मॅकेन्झी. जन्म अमेरिकेतला. १९०९ मध्ये तिने गॉर्डन मॅकेन्झी नावाच्या स्कॉटिश गायकाशी लग्न केले आणि दोघे कॅलिफोर्नियातच राहिले. १९११ मध्ये त्या राज्याने स्त्रियांना मत दिले. एथेल त्या चळवळीत होती. १९१३ च्या जानेवारीत ती सॅन फ्रान्सिस्कोत मतदार म्हणून नाव नोंदवायला गेली, आणि तिला सांगण्यात आले की तुम्ही अमेरिकन नाही. १९०७ चा कायदा होता : परदेशी पुरुषाशी लग्न करणारी अमेरिकन स्त्री नवऱ्याच्या राष्ट्राची होते. अमेरिकन पुरुषाने परदेशी बाई केली तर मात्र त्याचे काही जात नसे. उलट तीच आपोआप अमेरिकन होई. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. डिसेंबर १९१५ मध्ये निकाल लागला की लग्न तिने राजीखुशीने केले, परिणाम तिला ठाऊक होता, तेव्हा तक्रारीला जागा नाही. नवरा-बायको एक, आणि त्या एकात नवरा मुख्य, हे जुने कायदेशीर तत्त्वही न्यायालयाने जवळ केले. आपल्याकडच्या सासू-सासऱ्यांना हे वाचून गहिवरून आले असते.

लीगने जन्मतःच ही मागणी वर ठेवली : बाईचे नागरिकत्व तिचे स्वतःचे असावे, लग्नातून येऊ नये आणि लग्नाने जाऊ नये. ओहायोचे खासदार जॉन केबल यांनी विधेयक आणले, पार्कबाईंच्या समितीने ते रेटले, आणि २२ सप्टेंबर १९२२ रोजी केबल कायदा झाला. एथेलसारखीचा प्रश्न सुटला. स्थापनेला तीन वर्षेही झालेली नव्हती, म्हणून लीगच्या इतिहासात या कायद्याचे कौतुक भरभरून येते. यावेही.

पण कौतुक करून थांबणे बरोबर नाही. या कायद्याला दोन टोके होती. एक टोक परदेशातून आलेल्या गृहिणींना टोचले. आधी नवरा नागरिक झाला की बायको झालीच. आता तिला स्वतः अर्ज करायचा, परीक्षा द्यायची. पाच वर्षांच्या वास्तव्याची अट तिच्यासाठी एका वर्षावर आणली होती हे खरे. पण दिवसभर शिवणयंत्रावर बसणाऱ्या, इंग्रजीचा गंध नसलेल्या बाईला एका वर्षात तरी न्यायाधीशासमोर उभे राहणे कुठे जमणार होते? नवरा मत देई, बायको घरी. लीगच्या बायकांना हे कळत नव्हते असे नाही. त्यांचे म्हणणे असे की नवऱ्याच्या शेपटाला बांधून मिळालेले मत हे मतच नव्हे; बाईने शिकावे आणि स्वतः यावे. त्यासाठी त्यांनी नागरिकत्वाचे वर्ग चालवले. याच मंडळींच्या सुरुवातीच्या कार्यक्रमात मतदाराला शिक्षणाची अट असावी ही मागणीही होती, हेही नोंदवून ठेवते. शिकलेल्या, खात्यापित्या घरच्या बायकांची संस्था होती ती. बऱ्याच अंशी अजून आहे.

दुसरे टोक आपल्या लोकांना लागले. कायद्यात एक कलम होते : नागरिक होण्यास 'अपात्र' परदेशी माणसाशी लग्न केले, तर अमेरिकन स्त्रीचे नागरिकत्व जाईलच. अपात्र म्हणजे कोण? चिनी आणि जपानी तर ठरलेलेच. भारतीयांविषयी घोळ होता. काही न्यायालये नागरिकत्व देत, काही नाकारत. हा घोळ १९ फेब्रुवारी १९२३ रोजी संपला. पहिल्या महायुद्धात अमेरिकन लष्करात काम केलेल्या भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की शास्त्र काहीही म्हणो, सामान्य माणसाच्या समजुतीप्रमाणे हिंदी माणूस 'गोरा' नाही, सबब नागरिक होऊ शकत नाही. एका निकालाने केबल कायद्याचे ते कलम भारतीयांच्या अमेरिकन बायकांवर येऊन पडले. क्रांतिकारक तारकनाथ दास यांच्या पत्नी मेरी कीटिंग दास अमेरिकेतच जन्मलेल्या होत्या. त्या देशाविना झाल्या आणि त्यावर त्यांनी 'द नेशन' साप्ताहिकात लिहिले.

थिंद यांच्या बाजूने लढलेल्या वकिलांचे नाव वाचून मराठी माणूस थबकेलच : सखाराम गणेश पंडित. लॉस एंजेलिसमध्ये वकिली करणारे हे गृहस्थ १९१४ मध्ये अमेरिकन नागरिक झाले होते. थिंद हरल्यावर सरकारने ज्या भारतीयांचे नागरिकत्व काढून घ्यायला दावे लावले, त्यांत खुद्द पंडितांचाही नंबर लागला. त्यांनी आपला बचाव आपणच उभा केला. मी नागरिक आहे या भरवशावर वकिलीची सनद घेतली, घर केले, अमेरिकन बाईशी लग्न केले. आता माझे नागरिकत्व काढलेत तर पत्नी लिलियन यांचेही जाईल, तेव्हा बारा वर्षांपूर्वी एका न्यायालयाने दिलेला निकाल असा उकरता येणार नाही. १९२६ मध्ये अपील न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. पुढच्या वर्षी सर्वोच्च न्यायालयाने सरकारचे अपील ऐकायलाच नकार दिला, आणि भारतीयांवरच्या या दाव्यांची धार तिथे बोथट झाली. आपल्या कार्यक्रमांतून थोर पुरुषांच्या तसबिरी लावल्या जातात, त्यांत या पंडितांची मी अजून पाहिलेली नाही.

केबल कायद्यातले हे अपात्रतेचे कलम १९३१ मध्ये गेले. स्त्री संघटनांनी पाठपुरावा केला, लीग त्यांत होती. पण १९२२ मध्ये ते कलम स्वीकारून कायदा पदरात पाडून घेतला गेला होता, हे विसरून चालणार नाही. मिळते ते घ्या, उरलेले पुढच्या वर्षी मागा, हा राजकारणातला शहाणपणा असतो. उरलेले मागेपर्यंत नऊ वर्षे गेली आणि ती ज्यांची गेली त्यांच्या घरी लीगची सभासद नव्हती.

इथे थोडे आडवळण. आपल्याकडे याच काळात काय चालले होते? पंडिता रमाबाईंनी १८८९ मध्येच 'युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त' या पुस्तकातून अमेरिकन स्त्रियांच्या संघटनांची ओळख मराठीत करून दिली होती. मुंबई इलाख्यात रमाबाई रानड्यांसारख्या बायांनी मताधिकाराची मागणी लावून धरली, आणि १९२१ मध्ये मुंबईच्या कौन्सिलने मालमत्तेच्या अटीवर स्त्रियांना मत दिले. म्हणजे १९२३ साली पुण्यातली सधन विधवा कौन्सिलच्या निवडणुकीला मत देऊ शकत होती. तीच कॅलिफोर्नियात आली असती, तर तिला नागरिक होण्याची मुभा नव्हती. ती मिळायला १९४६ चा ल्यूस-सेलर कायदा उजाडावा लागला, आणि त्यातही भारतातून वर्षाला १०० माणसांचा कोटा. आपल्या मंडळातली पहिली पिढी आली ती १९६५ च्या कायद्याने दार उघडल्यावर.

लीगचे काम चालते कसे, हे सांगितल्याशिवाय पुढचे नीट कळणार नाही. कोणताही विषय घेताना आधी 'अभ्यास' होतो. राष्ट्रीय अधिवेशनात विषय मंजूर झाला की समिती नेमतात, ती टिपणे काढते, ती टिपणे देशभरच्या शाखांना जातात. सध्या अशा सातशेहून अधिक शाखा आहेत. शाखेत छोट्या बैठका होतात. कोणाच्या तरी दिवाणखान्यात कॉफी, बेकरीतला केक, प्रश्नांची छापील यादी. मतदान घ्यायचे नाही, सहमती शोधायची. विरोध असेल तर तो लिहून घ्यायचा. सगळ्या शाखांचे कागद परत वर जातात, आणि दोन-दोन वर्षांनी संस्थेची 'भूमिका' ठरते. एकदा ठरली की मग तिच्यावर वर्षानुवर्षे काम. अशा एका बैठकीत मी पहिल्यांदा गेले, तेव्हा पाण्याच्या हक्कांवर दोन तास चर्चा झाली आणि एकही बाई दुसरीच्या वाक्यात घुसली नाही. मंडळाच्या कार्यकारिणीच्या सभांची सवय असल्यामुळे मला हे अनैसर्गिक वाटले.

या पद्धतीने लीगला विश्वासार्हता दिली आणि याच पद्धतीने तिला उशीर करायला लावला. माझ्या मते संस्थेचा सगळा इतिहास या एका गोष्टीत आहे. समान हक्कांची घटनादुरुस्ती १९२३ मध्ये मांडली गेली. कामगार स्त्रियांना मिळालेले संरक्षणाचे कायदे त्या दुरुस्तीमुळे धोक्यात येतील म्हणून लीग विरोधात उभी राहिली, आणि पाठिंबा द्यायला १९७२ साल उजाडले. पुरुषांना पूर्ण सभासदत्व १९७३ मध्ये.

वंशाच्या प्रश्नावरचा उशीर मात्र केवळ पद्धतीवर ढकलता येत नाही. दक्षिणेत काळ्या स्त्रियांना १९२० नंतरही साक्षरतेच्या चाचण्या, मतदानकर आणि दहशत यांनी मतदानापासून दूर ठेवले गेले. कॅटबाईंनी १९१७ मध्ये असा युक्तिवाद लिहिला होता की स्त्रियांना मत दिल्याने गोऱ्यांचे वर्चस्व कमी न होता वाढेल. दक्षिणेतल्या आमदारांना राजी करण्यासाठी लिहिले असेल, पण लिहिले. कित्येक शाखांनी काळ्या स्त्रियांना आत घेतले नाही. मिसिसिपी आणि अलाबामात तरुण पोरे मतदार नोंदवताना जीव गमावत होती, तेव्हा मतदार नोंदणी हाच जिचा धर्म ती संस्था बाजूला उभी होती. भेदभावाविरुद्धची तिची पहिली भूमिका १९६६ ची, म्हणजे मतदान हक्क कायदा होऊन गेल्यावरची. २०१८ मध्ये संस्थेच्या नेतृत्वाने हे सगळे उघड लिहून मान्य केले. स्मरणिकांत असली पाने गाळण्याची प्रथा आहे. ज्या संस्थेने स्वतः गाळली नाहीत, तिची आपण का गाळावी?

लोकांना लीग आठवते ती टीव्हीमुळे. १९२८ मध्ये रेडिओवर उमेदवारांचा कार्यक्रम करणारी ही संस्था १९७६, १९८० आणि १९८४ मध्ये अध्यक्षीय वादसभांची यजमान होती. फिलाडेल्फियातल्या १९७६ च्या सभेत आवाज बंद पडला आणि फोर्ड व कार्टर २७ मिनिटे आपापल्या स्टँडमागे पुतळ्यासारखे उभे राहिले. कोणी आधी बसायचे, हा प्रश्न असावा. १९८८ मध्ये दोन्ही उमेदवारांच्या प्रचारयंत्रणांनी आपसात करार करून प्रश्नकर्त्यांपासून प्रेक्षकांच्या खुर्च्यांपर्यंत सगळे ठरवले आणि तो कागद लीगपुढे ठेवला. अध्यक्ष नॅन्सी न्यूमन यांनी ही मतदारांची फसवणूक आहे असे जाहीर सांगून अंग काढून घेतले. तेव्हापासून त्या सभा पक्षांच्याच सोयीने बनलेल्या आयोगाकडे गेल्या. लीगचे नाव टीव्हीवरून गेले आणि तिचे वजनही थोडे घटले, पण करार मान्य करून राहिली असती तर आज हा लेख लिहावासा वाटला नसता.

त्यानंतरचे मोठे काम १९९३ चा राष्ट्रीय मतदार नोंदणी कायदा. ड्रायव्हिंग लायसन्स काढताना किंवा बदलताना तिथेच मतदार म्हणून नाव नोंदवता यावे, ही त्यातली मुख्य सोय, म्हणून बोलीभाषेत 'मोटर व्होटर'. लीगने त्यासाठी अनेक वर्षे खर्ची घातली. आपल्या घरच्या ग्रीनकार्डवाल्यांनी मात्र इथे डोळ्यांत तेल घालावे. लायसन्सच्या खिडकीवरचा कारकून सवयीने विचारतो, मतदार नोंदणी करायची का? सासूबाई सवयीने मान डोलावतात. नागरिक नसताना असे नाव लागले, तर पुढे नागरिकत्वाचा अर्ज अडतो, वेळ आली तर देश सोडण्याची नोटीस येते. आमच्या प्रशिक्षणात पहिला धडा असतो तो हाच : फॉर्म पुढे करण्याआधी "तुम्ही नागरिक आहात का?" असे स्पष्ट विचारायचे, आणि समोरच्याने घुटमळत उत्तर दिले तर फॉर्म मागे घ्यायचा. नोंदणीचा आकडा वाढवण्याच्या नादात कोणाचे आयुष्य बिघडवायचे नाही.

नागरिकत्वाचा पुरावा हा गेल्या पंधरा वर्षांतला लीगचा मुख्य लढा आहे. कॅन्सस राज्याने नोंदणीसोबत जन्मदाखला किंवा पासपोर्ट जोडण्याची सक्ती केली, आणि तीस हजारांहून अधिक अर्ज अडकून पडले. खटला झाला, कॅन्ससची लीग त्यात वादी होती. २०१८ मध्ये ती सक्ती रद्द ठरली आणि २०२० मध्ये अपिलातही निकाल टिकला. मार्च २०२५ मध्ये राष्ट्राध्यक्षांच्या आदेशाने देशभरच्या फॉर्मसाठी तसाच पुरावा मागण्यात आला. लीग आणि इतर संस्था न्यायालयात गेल्या आणि एप्रिलमध्ये त्या भागाला स्थगिती मिळाली. त्याच महिन्यात प्रतिनिधिगृहाने तशाच आशयाचे विधेयकही मंजूर केले. चोरमतदार रोखायचे तर पुरावा मागण्यात गैर काय, हे आपल्यातले बरेच जण विचारतात, आणि प्रश्न वेडा नाही. पुरावा ज्यांच्याकडे सरळ असतो त्यांना तो सोपा वाटतो.

मराठी बाईचे कागद काढून बघा. जन्मदाखल्यावर (असलाच तर) नुसते 'स्त्री' लिहिलेले आणि वडिलांचे नाव. शाळेच्या दाखल्यावर माहेरचे नाव, मधे वडील. लग्नात तांदळात अंगठीने लिहिलेले नवे नाव, म्हणजे पहिले नावसुद्धा बदललेले. पासपोर्टवर सासरचे आडनाव, मधे नवरा. इथे आल्यावर मधल्या नावाचे एक अक्षर झाले, कुठे ते पहिल्या नावाला जोडले गेले, कुठे गळाले. मी स्वतः एका बाईंचे पाच कागद टेबलावर ओळीने मांडलेले पाहिले आहेत, आणि पाचही कागदांवरच्या पाच वेगवेगळ्या बाया माझ्यासमोर एकाच स्वेटरमध्ये बसल्या होत्या. जॉर्जियात २०१८ मध्ये नाव तंतोतंत जुळत नाही म्हणून सुमारे ५३,००० अर्ज तिष्ठत ठेवले गेले. अमेरिकन बायकांचेही लग्नाने आडनाव बदलते, त्यांनाही हा त्रास आहे. आपला त्रास जरा जास्त मसालेदार.

आणि हे काही अमेरिकेनेच शोधून काढले नाही. स्वतंत्र भारताच्या पहिल्या मतदार याद्यांत लाखो स्त्रिया 'अमक्याची बायको', 'तमक्याची आई' अशा नोंदल्या गेल्या होत्या. स्वतःचे नाव सांगेनात, म्हणून सुकुमार सेन यांच्या निवडणूक आयोगाने सुमारे २८ लाख नावे वगळली. आयोगाचा तो निर्णय कठोर होता, पण पुढच्या निवडणुकीपर्यंत त्यांतल्या पुष्कळ जणी आपले नाव सांगायला शिकल्या होत्या. केबल कायद्याच्या वेळी पार्कबाई जे म्हणत होत्या, ते याहून फार वेगळे नव्हते.

स्थलांतरावर लीगने सर्वंकष भूमिका घेतली ती थेट २००८ मध्ये, दोन वर्षांच्या अभ्यासानंतर : कुटुंबे एकत्र येऊ द्या, कायदेशीर मार्ग सोपे करा, कागद नसलेल्यांना कायदेशीर होण्याची वाट द्या, सुनावणीशिवाय कोणाला हुसकू नका. १९२२ ते २००८. या मधल्या काळात आपल्यातल्या शेकडो बायका नवऱ्याच्या नोकरीमुळे मिळणाऱ्या एच-फोर व्हिसावर आल्या, इंजिनिअरिंगची पदवी कपाटात ठेवून पोळ्या लाटत राहिल्या, कारण २०१५ पर्यंत त्यांच्यापैकी कोणालाच काम करण्याचा परवाना नव्हता. त्यांच्यासाठी लीगने काय केले, असे मला एका मैत्रिणीने विचारले होते. खास त्यांच्यासाठी मोहीम काढल्याचे माझ्या पाहण्यात नाही. ती मैत्रीण मग स्वतः शाखेची पायरी चढली. आज ती आमच्या शाखेची खजिनदार आहे, आणि हिशेबात एक डॉलर इकडचा तिकडे होऊ देत नाही.

भाषेचेही असेच. १९७५ पासून ज्या भागात एखाद्या भाषेचे पुरेसे मतदार असतील, तिथे मतपत्रिका त्या भाषेत देण्याचे बंधन आहे. न्यूयॉर्कच्या क्वीन्समध्ये बंगाली आली, शिकागोच्या कुक काउंटीत हिंदी. मराठी अजून कुठेही नाही. आपण इंग्रजी शिकून येतो म्हणून, हे कारण बऱ्यापैकी खरे आहे. पण मुलांकडे राहायला येऊन इथेच नागरिक झालेले आजी-आजोबा आता थोडे नाहीत, आणि शाळामंडळापासून न्यायाधीशापर्यंत तीस-तीस जागांची मतपत्रिका पाहिली की त्यांचे हात थांबतात. आमच्या शाखेतल्या दोघी दर निवडणुकीआधी मंडळाच्या ज्येष्ठ कट्ट्यावर जाऊन कोरी मतपत्रिका मराठीत समजावतात. कोणाला मत द्यायचे, हे विचारले की हसून पाणी मागतात.

या सगळ्या कामांत मला स्वतःला सर्वांत आवडायचे ते नागरिकत्वाच्या शपथविधीचे. हात वर करून शपथ झाली, छोटे झेंडे वाटले, फोटो काढले की दाराशी लीगचे टेबल. पहिली सही नागरिक म्हणून, लगेच दुसरी मतदार म्हणून. पैठणी नेसून आलेली बाई फॉर्म भरताना नवऱ्याकडे बघते आणि तो "पक्ष कोणता लिहायचा?" म्हणून आमच्याकडे बघतो, मग दोघांना वेगवेगळ्या पेनांनी, वेगवेगळ्या टोकांना बसवायचे, हा आमचा अलिखित नियम. देशभरच्या शाखा हे काम करत आल्या.

२९ ऑगस्ट २०२५ रोजी नागरिकत्व खात्याने धोरण बदलले. खात्याच्या शपथविधीत मतदार नोंदणी आता फक्त राज्याचे किंवा स्थानिक निवडणूक अधिकारी करू शकतात. स्वयंसेवी संस्थांना तिथे मज्जाव. न्यायालयात जे समारंभ होतात, त्यांचे त्या त्या न्यायालयावर. लीगने जाहीर निषेध केला. आमच्या शाखेने यावर काय करायचे, हे ठरवायला अर्थातच एक अभ्यासगट नेमला. त्याने तीन आठवड्यांत अहवाल दिला. लीगच्या हिशेबात ही वीज. निवडणूक कचेरीला आपला माणूस पाठवायची गळ घालायची, आणि नव्या नागरिकांना गाठायला त्यांच्या प्रार्थनास्थळांत, वाणसामानाच्या दुकानांत, मंडळांत जायचे, असे ठरले. पहिली तारीख गुरुद्वाराने दिली. दुसरी आपल्या मंडळाच्या दिवाळी कार्यक्रमाची, मध्यंतरात, वड्यांच्या रांगेशेजारी.